पन्हाळ्याच्या दगडात डायनासोर का नाही, आणि घटप्रभेच्या काठी गेंडा का सापडला

कागलहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलगा सातवीत आहे, डायनासोरच्या पुस्तकांनी घर भरलंय. पन्हाळ्याला गेलो तेव्हा त्यानं एक गोल तपकिरी दगड उचलून आणला. बाहेरून पापुद्रे सुटतात, आणि हे अंडं आहे म्हणून तो हटून बसलाय. आपल्या कोल्हापुरात असं काही सापडतं का? आणि ज्यांना ही हाडं पहिल्यांदा सापडली, त्यांना ती कशाची हे कळलं तरी कसं?

आधी दगडाचा निकाल लावू. ते अंडं नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडून ठोकळे तयार होतात. भेगांतून पावसाचं पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर पाण्याचा मारा दोन-तीन बाजूंनी होतो, म्हणून कोपरे आधी कुजतात, आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत आत गोल गाभा उरतो. ज्योतिबाच्या घाटात किंवा कुठल्याही नव्या रस्त्याच्या कापात नीट बघा, असे गोळे मुरमात रांगेनं बसलेले दिसतील. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात खरी अंडी सापडली आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. त्या अंड्याला वेगळं कवच असतं, एक ते तीन मिलिमीटर जाडीचं. भिंगाखाली धरलं की कवचावर बारीक पुटकुळ्या आणि हवेची छिद्रं दिसतात, आणि कवचाच्या आत भरलेला गाळ अगदीच निराळा असतो. तुमच्या गोळ्यात गाभ्यापासून सालीपर्यंत दगड एकच, फक्त बाहेरचा जास्त कुजलेला. पटत नसेल तर चिरंजीवांना हातोडी द्या. पन्हाळ्यावर गोळे कमी पडणार नाहीत.

आता दुसरा, मोठा प्रश्न. पहिली हाडं सापडली तेव्हा ती कशाची हे कुणालाच कळलं नव्हतं. माणसानं आधी माहीत असलेल्या गोष्टींतच उत्तर शोधलं. १६७७ साली रॉबर्ट प्लॉट या इंग्रज प्राध्यापकानं मांडीच्या हाडाच्या एका प्रचंड टोकाचं चित्र छापलं. आधी त्याला ते रोमन लोकांनी आणलेल्या हत्तीचं वाटलं, मग राक्षसी माणसाचं. चित्रावरून आज ते हाड मेगालोसॉरससारख्या मांसाहारी डायनासोरचं असावं असं मानतात. १७२६ साली योहान शॉइक्त्सर या स्विस विद्वानानं एक सांगाडा प्रसिद्ध केला आणि तो बायबलमधल्या नोहाच्या प्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा असल्याचं जाहीर केलं. शॉइक्त्सर स्वतः वैद्य होता, तरी डोळ्यांवर प्रलयाची झापड. पुढे प्राण्यांच्या शरीररचनेचा जाणकार, पॅरिसचा जॉर्ज क्यूव्हिए तो सांगाडा बघायला नेदरलँड्समध्ये हार्लेमला गेला. हा प्राणी सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर, असेल तर पुढचे पाय अमुक जागी असले पाहिजेत, असं सांगून त्यानं छिन्नीनं दगड कोरला, आणि पाय तिथेच निघाले. प्रलयाचा साक्षीदार म्हणून मिरवलेला गृहस्थ पाण्यातला महाकाय सॅलमँडर ठरला.

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग हा आहे. पहिल्या जीवाश्मांनी काय शिकवलं असं कुणी विचारलं की लोक प्राण्यांची नावं मोजायला लागतात. माझ्या मते खरी कमाई तुलनेच्या रीतीची आहे. दगडातलं हाड जिवंत प्राण्याच्या हाडाशेजारी ठेवायचं, त्यावरून न दिसणाऱ्या भागाचा अंदाज बांधायचा, आणि मग तो अंदाज दगड कोरून तपासायचा. अंदाज चुकला तर चुकला. १७९६ साली क्यूव्हिएनं याच रीतीनं आशियाई हत्ती, आफ्रिकन हत्ती आणि मॅमथ यांचे जबडे नि दात ताडून पाहिले, आणि मॅमथ ही तिसरीच जात असून ती आता पृथ्वीवर उरलेली नाही असं मांडलं. एखादी जात पूर्ण नष्ट होऊ शकते हे तोवर बहुतेकांच्या गावीही नव्हतं. कुठेतरी जंगलात असेल अजून, असं म्हणून सोडून देत. हत्तीएवढा प्राणी लपून राहणार कुठे, हा क्यूव्हिएचा बिनतोड मुद्दा होता.

मेरी अ‍ॅनिंगचं नाव पोराच्या पुस्तकात असेलच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथले कडे पावसाळी दिवसांत ढासळतात आणि जुन्या समुद्राचा गाळ उघडा पडतो. तिचे वडील सुतार. फिरायला आलेल्यांना शंख-शिंपल्यांचे दगड विकून घराला हातभार लावायचे. १८१० मध्ये ते वारले, कर्ज मागे ठेवून. १८११ मध्ये मोठ्या भावाला, जोसेफला, चार फूट लांबीची कवटी दिसली, आणि पुढच्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मेरीनं उरलेला सांगाडा शोधून काढला. तो २३ पौंडांना विकला गेला. हाच इक्थिओसॉर. आकार माशासारखा, पण माशाचा नव्हे, समुद्रात राहणाऱ्या सरीसृपाचा. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब की खुद्द क्यूव्हिएला दोन प्राण्यांची हाडं जोडून फसवणूक केल्याचा संशय आला. तपासणी झाली, सांगाडा खरा ठरला आणि क्यूव्हिएनं ते मान्य केलं. मेरीला मात्र लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं दार बंदच राहिलं. तिथे स्त्रियांना सभासद करून घ्यायला १९१९ साल उजाडलं, तोवर तिला जाऊन सत्तर वर्षं उलटली होती.

सांगाड्यांइतकीच तिची आणखी एक नजर मला मोलाची वाटते. इक्थिओसॉरच्या बरगड्यांमागे, पोटाच्या जागी, तिला वळणावळणाचे काही दगड वारंवार दिसत. फोडले की आत माशांचे खवले आणि हाडांचे तुकडे. त्यावरून ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडनं १८२९ साली हे दगड म्हणजे अश्मीभूत विष्ठा आहे असं मांडलं. पोरांना ऐकून हसू येतं, येऊ द्या. हाडावरून प्राणी कसा होता ते कळतं, विष्ठेवरून तो काय खात होता ते कळतं, आणि दुसरी गोष्ट सहसा जास्त दुर्मीळ.

याचा आपल्याशी संबंध थेट विदर्भात लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनासोरच्या हाडांबरोबर असे विष्ठेचे दगड सापडतात. ती माती लाव्हाच्या थरांखालची, म्हणजे लाव्हा तिथवर पोहोचण्याआधीची. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांचे तुकडे विरघळवून आतले सूक्ष्म कण पाहिले, तर त्यात गवताचे सिलिकाकण निघाले. उसात पाला काढायला शिरलं की हात का कापतात ते कागलकरांना सांगायला नको. उसाचं पातं सिलिकानं धारदार झालेलं असतं, आणि ऊस हेही गवतच. पातं कुजतं, सिलिकाचे कण राहतात, आणि गवताच्या कुळानुसार त्यांचा आकार बदलतो. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर गवतांचा खरा पसारा डायनासोर गेल्यानंतरचा असं धरून चालत, म्हणून चित्रकारांना डायनासोरच्या पायाखाली गवत काढू नका अशी ताकीद असे. पिसदुऱ्याच्या दगडात गवताचे किमान पाच प्रकार मिळाले. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळाशी नातं सांगणारे कणही नोंदले गेले. एका महाराष्ट्रातल्या गावच्या शेणानं जगभरची चित्रं बदलायला लावली.

इंग्लंडमध्ये पुढे काय झालं ते थोडक्यात. १८२४ साली बकलंडनं ऑक्सफर्डजवळच्या छपराच्या फरशीच्या खाणींतून आलेल्या जबड्यावरून मेगालोसॉरस हे नाव दिलं. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर, जरी डायनासोर हा शब्दच तेव्हा नव्हता. तो रिचर्ड ओवेननं १८४२ मध्ये आणला. पण खरी गंमत इग्वानोडॉनची. गिडियन मँटेल नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरला ससेक्समध्ये झिजलेले दात मिळाले. क्यूव्हिएचं पहिलं मत पडलं गेंड्याचे. मँटेलचं समाधान होईना. शेवटी लंडनच्या संग्रहालयात एकानं त्याला इग्वाना सरड्याचे दात दाखवले. तोच आकार, फक्त कित्येक पट लहान. १८२५ मध्ये मँटेलनं नाव दिलं आणि सरड्याच्या मापानं हिशेब करून प्राणी साठ फुटांहून लांब ठरवला. एक टोकदार हाड सुटं मिळालं होतं, ते त्यानं गेंड्यासारखं नाकावर बसवलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली उभे केलेले इग्वानोडॉनचे पुतळे आजही तेच नाकावरचं शिंग मिरवत उभे आहेत.

मग १८७८ मध्ये बेल्जियममध्ये बर्निसार इथे कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोल, कामगारांची कुदळ इग्वानोडॉनच्या कळपावर पडली. तीसच्या आसपास प्राणी, पुष्कळसे अखंड. लुई डोलोनं त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शिंग म्हणून मिरवलेलं ते हाड अंगठ्याचं निघालं, आणि लांबी साठ फुटांवरून तीस-पस्तिसावर आली. दातांनी प्राण्याचं कूळ बरोबर सांगितलं होतं, आकारमान मात्र सांगितलं नव्हतं. कुठल्या तुकड्याला काय विचारायचं याला मर्यादा असते. आजही बातमीत एका मणक्यावरून शंभर फुटी प्राणी उभा केलेला वाचलात, तर किती हाडं मिळाली ते आधी बघा.

भारताचा नंबर यात फार वर आहे, आणि आपल्या पुस्तकांत तो क्वचित सांगतात. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो विल्यम स्लीमन आपल्याला माहीत आहे, त्यालाच १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीवर अश्मीभूत हाडं मिळाली. मेगालोसॉरसला नाव मिळून जेमतेम चार वर्षं झालेली. पुढे ती कोलकात्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. हो, ब्राह्मी लिपी वाचणारा तोच प्रिन्सेप. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरनं त्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. नंतर मणके संग्रहातून दिसेनासे झाले, आणि अभ्यासकांना चित्रांवर भागवावं लागलं. २०१२ साली धनंजय मोहबे, सुभाशिष सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात त्यातला एक पुन्हा मिळाला. या नावाचं भाग्य विचित्र आहे. त्यावरून टायटॅनोसॉर हा अख्खा गट ओळखला जातो, पण मूळ मणक्याची लक्षणं इतक्या जातींत आढळली की स्वतंत्र जात म्हणून इंडिकसला आज बरेच तज्ज्ञ धरत नाहीत. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, शिवालिकच्या टेकड्यांत कालव्यांच्या कामाच्या काळात हाडं गोळा करणारे फाल्कनर आणि कॉटली, ही माणसंही याच काळातली. जिराफाच्या कुळातल्या एका धिप्पाड प्राण्याला फाल्कनर-कॉटलींनी १८३६ मध्ये शिवथेरियम हे नाव दिलं.

या सगळ्या यादीत एक गोष्ट पाहा. फरशीची खाण, कोळशाची खाण, कालवा, ढासळता कडा. जिथे गाळाचा खडक होता आणि तो कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी खणत होतं, तिथेच हाडं निघाली. दगड तर कोल्हापुरातही पिढ्यान्‌पिढ्या निघतोय. रंकाळ्याच्या जागीही पूर्वी खाण होती असं सांगतात. मग आपल्याकडे हाड का नाही?

कारण तो दगड गाळाचा नाही, लाव्हाचा आहे. हजार अंशांच्या वर तापलेल्या रसात हाड टिकत नाही. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये बराच काळ गेला आणि मधे तळं साचलं, तर त्या तळ्याच्या गाळात जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीला असा गाळ लाभला, आणि त्यातल्या चिमुकल्या बेडकांचं वर्णन ओवेननं १८४७ मध्येच केलं. आपल्या घाटांत दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो खरा, पण ती वरच्या लाव्हानं भाजलेली माती. हाड जपणारा तळ्याचा गाळ नव्हे.

दुसरं कारण जास्त मजेचं, आणि ते पोराला जरूर सांगा. दख्खनच्या लाव्हाच्या थरांचा क्रम लावताना भूशास्त्रज्ञांनी एका थरसमूहाला पन्हाळ्याचंच नाव दिलं आहे. तो महाबळेश्वरच्या थरांच्या वर येतो. अलीकडच्या कालमापनानुसार डायनासोरांच्या अंताची, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, रेषा या क्रमात बरीच खाली पडते. म्हणजे पन्हाळ्याचा लाव्हा वाहिला तेव्हा पक्षी सोडले तर डायनासोर उरलेलेच नव्हते. गडाच्या माथ्यावरचा आणि मसाई पठारावरचा जांभा तर त्या लाव्हाचीही कुजून झालेली साल. तिथे डायनासोर शोधणं म्हणजे नातवाच्या लग्नात पणजोबांना हुडकणं.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, गडहिंग्लज-चंदगडच्या बाजूला, लाव्हाखालून कलादगीचे वालुकाश्म वर येतात. ते उलट फार जुने, शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचे. तेव्हा हाड असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. याच कलादगी खडकांत बागलकोटकडे सूक्ष्मजीवांच्या चटयांचे थर सापडतात, तेवढेच.

राहिला नद्यांचा गाळ, आणि माझी सगळी आशा तिथेच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा रॉबर्ट ब्रूस फूट हा माणूस भारतीय प्रागितिहासाचा पाया घालणारा. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्यानं अश्मयुगीन हत्यार ओळखलं. पुढे तो दक्षिण महाराष्ट्राचे खडक नोंदत फिरला, आणि गोकाकजवळ चिकदौली इथल्या जुन्या गाळात त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ मध्ये त्यानं त्याला ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस हे नाव देऊन प्रसिद्ध केलं. गोकाक म्हणजे घटप्रभा, आणि गडहिंग्लजवरून जाणारी हिरण्यकेशी पुढे घटप्रभेलाच मिळते. आज रानटी गेंडा बघायला आसामसारख्या दूरच्या ठिकाणी जावं लागतं. तिकडे गोदावरीच्या गाळातल्या हत्तीचं वर्णन पिलग्रिमनं १९०५ साली केलं. त्या हत्तीची जात आज कुठेच नाही. गेंड्याला बारमाही पाणी आणि गवताची कुरणं लागतात. तो घटप्रभेकाठी राहत होता म्हणजे आज पावसाची वाट पाहणाऱ्या त्या पट्ट्याचा तेव्हाचा नूर वेगळा होता. डायनासोर नाही म्हणून पोरगं खट्टू झालं तर त्याला हा गेंडा द्या. शिवाय आजीच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल तर तोही दाखवा, लांबूनच. नेपाळच्या काली गंडकीतला अस्सल शाळिग्राम म्हणजे बहुधा अमोनाइट, डायनासोरांच्या काळात समुद्रात राहणारा प्राणी, आणि तो कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत रोज आंघोळ करतो.

आता शोधायचंच असेल तर नदीकाठच्या उंच दरडी बघा, उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. वरची काळी माती नव्हे. तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पिवळसर गाळ आणि घट्ट बसलेली वाळू-गोट्यांची पट्टी असते, ती. लोक माझ्याकडे बहुतेक वेळा दाढा घेऊन येतात, आणि त्या बहुतेक वेळा अलीकडच्या म्हशीच्या असतात. अश्मीभूत हाड त्याच मापाच्या साध्या हाडापेक्षा जड लागतं, टिचकी मारली की दगडासारखं खणखणतं, आणि तुटलेल्या कडेला भिंगातून जाळी दिसते. पुष्कळदा जिभेला लावलं की चिकटतं. आम्ही सर्रास करतो, पण पंचगंगेचं पाणी बघता तुमच्या पोरानं करू नये. दगडावर झाडाची नक्षी उमटलेली दिसली तर ती बहुतेक मँगनीजची, वनस्पतीची नव्हे.

खरंच काही दिसलं तर उपसू नका. दरडीतलं हाड कुठल्या थरात आहे ही अर्धी माहिती असते, आणि बाहेर ओढलं की ती गेली. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्या, एक जवळून, एक पूर्ण दरड दिसेल असा. मोबाइलवर जागेची नोंद करा. फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कार्यालयाला पाठवा. हाड आधीच सुटून पाण्यात पडलेलं असेल तरच उचला, आणि घरी नेऊन धुऊन उन्हात ठेवू नका. ओलं हाड झपाट्यानं वाळलं की तडकून भुगा होतं. ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा आणि कागद रोज थोडा सैल करत चार-आठ दिवसांत हळूहळू वाळू द्या.